पावसाळ्यांत वाटा कशा वाळतात

पावसाची झड उघडली, थोडें ऊन पडलें, कीं वाट वाळली असें समजून ट्रॅक्टर बाहेर काढण्याची घाई आपल्याकडे सर्रास होते. श्रावणांत तर ही फसगत ठरलेलीच. वर पापुद्रा कोरडा व चार बोटांखालीं लगदा! चाक एकदां रुतलें म्हणजे जो चर पडतो तोच पुढल्या सरीस पाट होतो, आणि कांहीं पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ बनतो. नकाशावर वाट म्हणून दाखविलेल्या जागीं प्रत्यक्षांत गुडघाभर पाणी आम्हीं नोकरींत असतांना अनेकदां पाहिलें आहे. यास्तव कर्जत व खालापूर तालुक्यांतील वाटा कोठें लवकर वाळतात व कोठें वाळत नाहींत, याचा थोडा विचार शेतकरी बंधूंपुढें मांडीत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, आषाढ-श्रावणांत वाट मुख्यत्वें निचऱ्यानें वाळते. उन्हाचा हात त्यांत थोडा. हवाच ओलाव्यानें भरलेली असतां वाफ होऊन जाणारें पाणी तें किती? आपल्याकडे वर्षास सुमारें ३,००० मिलिमीटर व डोंगरालगत त्याहून बराच अधिक पाऊस पडतो. एवढें पाणी उतारानें वाहून किंवा जमिनींत मुरूनच गेलें पाहिजे.

येथें मातीचा भेद आडवा येतो. वरकस जमिनींतील वाट मुरमाड असते. खड्यांमधील पोकळी मोठी असल्यानें पाणी निसटून जातें, व अर्धा दिवस उघडीप मिळाली तरी पाऊल घट्ट बसतें. खाचरांतील चिकण मातीचे कण अत्यंत बारीक. त्या पाणी धरून ठेवितात, आणि माती भिजतांच फुगून उरलेलीं छिद्रेंही बुजतात. शिवाय पाणी खालीं जाऊं नये म्हणून आपण चिखलणी करून ती मुद्दाम मोडतों. भातास हें हितकर, पण शेजारच्या वाटेस मात्र दोन्ही बाजूंनीं पाणी कोंडलेलें राहतें.

आणि आपल्या बहुतेक वाटा अशाच जागीं आहेत! महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ प्रमाणें तहसीलदार शेतकऱ्यास वाट देतात ती शेजारील भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून. हद्द म्हणजे बांध, व भातशेतींत बांध म्हणजे दोन तळ्यांमधील मातीची भिंत. कायद्याचा हेतु रास्त आहे, कोणाचें शेत मधोमध कापलें जाऊं नये. परंतु वाट मागणाऱ्यानें व देणाऱ्यानें, शक्य तेथें, वरच्या अंगाची मुरमाड हद्द निवडावी असें आमचें मत आहे. पांच-पंचवीस पावलांचा फेर पडला तरी तो परवडतो.

डोंगरकुशींतील वाटांचा प्रकार निराळा. माथेरानच्या माथ्यावर जांभा दगड आहे. तो सच्छिद्र असल्यानें माथ्यावरच्या वाटा लवकर निथळतात. पण तें पाणी नाहींसें होत नाहीं. खालीं घट्ट थर लागतांच तें आडवें वळतें व कड्याच्या पोटांतून झऱ्यांनीं बाहेर येतें. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्येंही कोठें कोठें तांबडा चिकट पट्टा असतो, तेथेंही असेंच घडतें. वाट अशा पट्ट्यास छेदते तेथें पाऊस थांबून आठवडा लोटला तरी ओल हटत नाहीं. अशा जागीं वरून कितीही मुरूम ओतला तरी व्यर्थ. वाटेच्या वरच्या अंगास चर खणून झऱ्याचें पाणी आधींच वळविलें पाहिजे. सिमेंटची लादी हा उपाय तर आम्हांस मुळींच पसंत नाहीं, कारण पाणी तिच्या खालून माती नेतें व लादी अधांतरीं राहते.

सूर्याविषयीं एक चमत्कारिक गोष्ट आहे. आपल्या अक्षांशावर जुलैच्या अखेरीस सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो; म्हणून भर पावसाळ्यांत दक्षिण-उत्तर उतारांत फारसा फरक पडत नाहीं. कार्तिकांत सूर्य दक्षिणेस कलतो, तेव्हां उत्तरेकडील उतारावरची व झाडीखालची वाट मागें राहते. नेमके तेच भाताचे भारे वाहण्याचे दिवस. सह्याद्रीच्या भिंतीखालील गांवांत सकाळचें ऊनही उशिरां पोहोंचतें, हेंही हिशेबांत धरावें.

अलीकडे शनिवार-रविवारीं मुंबई-पुण्याकडील तरुण जाड धावांच्या डोंगरी सायकली घेऊन आपल्या वाटांवर येतात. त्यांच्यावर सरसकट रागावण्याचें कारण नाहीं. ट्रॅक्टराच्या मानानें सायकलीचें ओझें तें काय! पण ओल्या चिकण वाटेवर तिचा माग सलग पडतो व पाणी त्या मागानें धांवतें. आणि चिखल चुकविण्यास ते बांधावर चढले म्हणजे बांध खचतो. मुरमाड वाट दाखविली तर बहुतेक जण ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

डोंगरावरील वाड्यांस तर वाटेचा प्रश्न जिवाचा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इरशाळगडाच्या कुशींतील इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडीस मोटारीचा रस्ता नव्हता. मदतीस गेलेल्या पथकांस भर पावसांत निसरड्या पाऊलवाटेनें चढावें लागलें. माती उपसण्याचीं मोठीं यंत्रें वर नेतां आलीं नाहींत, व शोधाचें काम हातांनीं करावें लागलें. दरडीचीं कारणें वेगळीं होतीं. परंतु वाटेची किंमत त्या रात्रीं साऱ्यांस कळली.

वाट वाळली कीं नाहीं हें ठरविण्यास रंगावर जाऊं नये. चार बोटें खोलीवरची माती मुठींत दाबावी. गोळा होऊन तो अंगठ्यानें चेपला जात असेल तर जड वाहन घालूं नये. गोळा फुटून भुगा होत असेल तर हरकत नाहीं. दुरुस्तीस खाचरांतील गाळ कधींही वापरूं नये, मुरूमच घालावा. वाटेस दरीच्या बाजूस किंचित् उतार द्यावा, आणि चढावर ठिकठिकाणीं दगडांची तिरपी ओळ पक्की रोवावी, म्हणजे पाणी वाट सोडून बाजूस जातें. हें काम मृग लागण्यापूर्वीं आटोपावें. नंतर पहिल्या मोठ्या पावसांत इरलें घेऊन वाटेनें एक फेरी मारावी, व जेथें पाणी वाटेवरूनच चालत असेल तेथें खुणेचा दगड ठेवून यावा.