बोलायला वेळ द्या, कानाच्या तपासणीला नको

दोन वर्षांचे मूल अजून बोलत नाही म्हणून आई-वडील काळजीत असतात आणि सोबत आलेली आजी निश्चिंत असते. ‘येना बाप बी उशिराच बोलना,’ असे ती सांगते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या बालरोग विभागांत हा संवाद नवा नाही. आजीचे म्हणणे पुष्कळदा खरे ठरते, पण काही वेळा ते चुकते आणि त्या चुकीत मुलाची मोलाची दोन-तीन वर्षे जातात. म्हणून कोणत्या मुलासाठी थांबायचे आणि कोणत्या मुलासाठी एक दिवसही थांबायचे नाही, हे घरच्यांना कळायला हवे.

प्रत्येकाची चाल वेगळी

बहुतेक मुले पहिल्या वाढदिवसाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द बोलतात. पुढचा वेग मात्र प्रत्येकाचा निराळा असतो. दीड वर्षाच्या एका मुलाकडे दहा-पंधरा शब्द असतात, तर शेजारच्या घरातल्या त्याच वयाच्या मुलीकडे शंभर. दोघेही निरोगी असू शकतात. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात, हेही नेहमी दिसते.

दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द यावेत आणि ‘पानी दे’, ‘माय ये’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू व्हावी, अशी अपेक्षा असते. तिथवर न पोहोचलेल्या, पण बाकी सर्व बाबतीत ठीक असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले शाळेत जाईपर्यंत इतरांना गाठतात.

‘बाकी सर्व बाबतीत ठीक’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मूल किती बोलते यापेक्षा त्याला किती समजते, हे आधी पाहावे. दीड वर्षाचे मूल हातवारे न करता सांगितलेली ‘चप्पल आण’ अशी साधी सूचना पाळते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? आकाशातले विमान दिसले की तुम्हालाही ते पाहायला लावते का? हाक मारल्यावर वळते का? या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तर भाषेचा पाया भरला जात आहे असे समजावे.

अहिराणी आड येत नाही

खान्देशात एक सल्ला सर्रास दिला जातो : घरात अहिराणी आणि अंगणवाडीत मराठी, त्यामुळे पोर गोंधळले, आता घरी एकच भाषा बोला. मग मायबोलीत दिवसभर गप्पा मारणारी आई पोराशी मोजकी, अवघडलेली मराठी बोलू लागते. काही घरांत ‘काऊ’ आणि ‘वॉटर’ शिकवणे सुरू होते. मुलाच्या कानावर पडणारे बोलणे त्यामुळे उलट कमी होते.

दोन भाषा ऐकल्यामुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही. धुळ्याकडची अहिराणी असो, रावेर-यावलची लेवा बोली असो की सातपुड्याच्या पायथ्याची पावरी, शब्द मोजताना सगळ्या भाषांतले धरावेत. ‘आठे’ हा एक शब्द, ‘इथे’ हा दुसरा. अहिराणीचे ३० आणि मराठीचे २५ शब्द येणाऱ्या मुलाकडे ५५ शब्द आहेत. मूल घरच्या बोलीतही मागे असेल, तर कारण भाषेत नाही, दुसरीकडे शोधायला हवे.

आधी कान तपासा

शोधाची सुरुवात कानापासून करावी. जगभरात दर हजार नवजात बाळांमागे १ ते ३ बाळांना कायमचा श्रवणदोष असतो. घरच्यांना तो लवकर कळत नाही, कारण कर्णबधिर बाळही पहिले काही महिने इतरांसारखेच हुंकार देते. पुढे ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड यायला हवी, ती येत नाही. ताट वाजवल्यावर मूल वळले म्हणजे कान चांगले, हाही गैरसमज आहे. अंशतः ऐकू येणारे मूल दाराचा आवाज ऐकते. पण ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. वारंवार सर्दी झाल्याने पडद्यामागे पाणी साचले, तरीही ऐकणे कमी होते.

कमी वजनाचे, जन्मानंतर अतिदक्षता विभागात राहिलेले, तीव्र कावीळ किंवा मेंदूज्वर झालेले मूल, तसेच नात्यातल्या लग्नातून जन्मलेले किंवा घराण्यात बहिरेपण असलेले मूल, यांची तपासणी बोलण्याची वाट न पाहता करावी. ओएई तपासणीत कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत अंदाज येतो. बेरा तपासणी मूल झोपेत असताना होते. दोन्हींत दुखत नाही.

जिभेखालचा पडदा कापून किंवा जिभेला वेखंड लावून ऐकू न येणारे मूल बोलत नाही. त्यात जातो तो फक्त वेळ.

या खुणा दिसल्यास थांबू नका

• १ वर्षाचे होऊनही बडबड नाही, टाटा करणे वा बोट दाखवणे नाही
• दीड वर्षाला एकही अर्थपूर्ण शब्द नाही
• २ वर्षांना दोन शब्दांची जोडणी नाही
• हाकेला प्रतिसाद नाही, नजरेला नजर देत नाही
• येत असलेले शब्द कोणत्याही वयात बोलणे बंद झाले

मदत कुठे?

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब या दोन्हींची तपासणी येते. वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवर पाठवते. ऊसतोडीसाठी सहा महिने बाहेर असणाऱ्या कुटुंबांची मुले या फेरीतून निसटण्याची शक्यता जास्त. त्यांनी गावी परतताच अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगावे. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बालरोग आणि कान-नाक-घसा विभाग आहेत.

श्रवणदोष पहिल्या तीन महिन्यांत ओळखला आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले, तर मुलाच्या बोलण्याला सर्वांत जास्त फायदा होतो. उशीर झाला असेल, तरी आज सुरू करणे उद्यापेक्षा बरे.

घरचे औषध

दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला मोबाइल वा टीव्ही दाखवू नये आणि त्यानंतरही दिवसाला एक तासाच्या आत ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. कापूस वेचणीच्या दिवसांत आई शेतात असते आणि पोराच्या हाती मोबाइल येतो. मोबाइल बोलतो, पण मुलाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. ते काम आजीच करू शकते. अंघोळ घालताना, भाकरी थापताना, कोंबड्यांना दाणे टाकताना तिने तिच्या बोलीत बोलत राहावे, मध्येच थांबून मुलाला उत्तराची संधी द्यावी. मूल ‘पानी’ म्हणाले, तर ‘थंडं पानी दिऊ?’ म्हणत त्याचे वाक्य पुढे न्यावे.

बाप उशिरा बोलला असेल, तर नातूही बोलेल, हा आजीचा विश्वास घरात जरूर असावा. फक्त कानाची तपासणी झालेली असावी.