तरंगलांबी आणि ठावठिकाणा

पुराणांतील आकाशवाणीचा वक्ता दिसत नाही आणि त्याचा ठावठिकाणाही कोणी विचारीत नाही. नभोवाणीचे तसे नाही. २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईतून बोलू लागलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओवर ४२.३४ मीटर ही तरंगलांबी उघडपणे सांगितली जाई. केंद्राची जागा मात्र भारतात कोठेतरी आहे, एवढेच कळे. एक गोष्ट सांगणे भाग का होते आणि दुसरी लपविणे कठीण का होते, याचे उत्तर रेडिओच्या कार्यपद्धतीत आहे.

मॅक्सवेलने १८६५ साली गणिताने मांडलेले विद्युच्चुंबकीय तरंग हर्ट्‌झने १८८७-८८ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. १८९५ साली जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात त्यांच्या योगे दूरची घंटा वाजवून दाखविली. परंतु ठिणगीपासून निघालेला तरंग तत्काळ विरतो. त्यावरून टिंब-रेघांचा संकेत जाई, उच्चार नव्हे. वाणीला अखंड तरंग हवा.

बोलण्यातील कंपने सेकंदाला काही शेकडे ते काही हजार असतात. त्यांचा विद्युत्‌प्रवाह तसाच प्रक्षेपित करावयाचा तर आकाशक कित्येक किलोमीटर लांबीचा लागेल. म्हणून सेकंदाला लक्षावधी आवर्तने घेणारा वाहक तरंग योजून त्याचा परमप्रसर, म्हणजे हेलकाव्याची उंची, बोलण्याच्या प्रवाहाबरहुकूम कमीजास्त करतात. यास विरूपण म्हणतात. (भाषाभ्यासकाने येथे शब्दाचा रूढ अर्थ बाजूस ठेवावा, विद्रूप काहीच होत नाही.) ४२.३४ मीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७० लाख आवर्तने. ग्राहकयंत्रातील वेटोळे व धारित्र यांचे मंडल तेवढ्याच आवर्तनांशी जुळविले की इतर तरंग मागे पडतात. पुढे तरंगाची एक बाजू छाटून वेगवान आवर्तने गाळली म्हणजे बोलण्याचा आलेख उरतो आणि ध्वनिक्षेपक तो ऐकवितो.

श्रोत्याला तरंगलांबी पुरते, पत्ता लागत नाही. पण तोच तरंग पोलिसांच्या यंत्रापर्यंतही पोहोचतो. वेटोळ्याचा आकाशक फिरविला असता त्याचे तोंड केंद्राकडे येताच आवाज मंदावतो व दिशा कळते. दोन ठिकाणांहून घेतलेल्या दिशा जेथे छेदतात, तेथे केंद्र. म्हणूनच उषा मेहता व त्यांचे सहकारी जागा वारंवार बदलीत.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी कार्यक्रम चालू असतानाच पोलीस आत शिरले. जागा दाखविली ती मात्र एका फितूर तंत्रज्ञाने, असे उषाबेन पुढे सांगत. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये त्या सुटल्या.