बेकरीच्या भट्टीतून कुत्र्यांची बिस्किटे : धंदा चांगला, पण उरलेल्या केकचा चुरा नको

मुंबई-पुण्याच्या बेकरी धंद्यात आपल्या बिरादरीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे वाचकांना सांगायला नको. लादी पाव, ब्रुन, टोस्ट, खारी, नानकटाई या मालावर कित्येक घरांची रोजी चालते. मात्र या धंद्याचे दिवस पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. कंपन्यांचा पाकीटबंद ब्रेड गल्लीबोळात पोहोचला आहे. त्यातच २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला आणि नव्या भट्टीच्या खर्चाचा प्रश्न बेकरीवाल्यांपुढे उभा राहिला. अशा वेळी त्याच भट्टीतून आणि त्याच हातांनी निघू शकेल अशा एका वेगळ्या मालाकडे आम्ही बेकरीवाल्या बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो. तो माल म्हणजे पाळीव कुत्र्यांसाठी भाजलेली बिस्किटे.

हे वाचून काहींना हसू येईल, तर काहींच्या कपाळाला आठी पडेल. घरात कुत्रा पाळावा की नाही, हा प्रश्न उलेमांना विचारण्याचा आहे. आम्ही येथे फक्त धंद्याचे बोलत आहोत. शिवाय दुकानात कुत्रा येत नाही, त्याचा मालक येतो. आणि मुक्या जनावराच्या तोंडी घास घालणे वाईट म्हणणारा माणूस आम्हाला तरी अजून भेटलेला नाही.

हा धंदा मुळात बेकरीतूनच जन्मला आहे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन लंडनला गेला होता. गोदीवर फेकलेली जहाजी बिस्किटे कुत्री आवडीने खातात, हे त्याने पाहिले असे सांगतात. गहू, भाज्या आणि मांस यांची टणक बिस्किटे बनवून त्याने ती शिकारी कुत्री पाळणाऱ्या साहेब लोकांना विकली आणि मोठा कारखाना उभा केला. पुढे त्याच्याच कंपनीतील चार्ल्स क्रफ्ट याने १८९१ मध्ये आपल्या नावाने कुत्र्यांचे प्रदर्शन सुरू केले. ते आजही भरते. जहाजी बिस्कीट म्हणजे तरी काय? पीठ, पाणी आणि सावकाश वाळवणे. आपला टोस्ट करणारा उस्ताद हे काम झोपेतही करील.

आपल्याकडे कुत्र्याला खाऊ म्हणजे चहाबरोबरचे ग्लुकोज बिस्कीट, अशी रीत पडली आहे. त्यात मैदा, साखर आणि तेल. रोज रोज ते दिल्याने कुत्रा लठ्ठ होतो, म्हणून डॉक्टर मना करतात आणि मालक दुसरे काही शोधू लागतो. आपले गिऱ्हाईक तेथे आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. बेकरीवाला काही वाया घालवीत नाही. उरलेल्या पावाचा टोस्ट होतो, तुटलेल्या केकचा चुरा दुसऱ्या मालात जातो. हा काटकसरीचा हात चांगलाच, पण या एका मालात तो घात करील. मनुका आणि द्राक्षे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. चॉकलेट आणि कोकोतील थिओब्रोमीन त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळे हृदय आणि मेंदूवर परिणाम होतो. कांदा-लसूण, मग ती पावडर का असेना, रक्तातील तांबड्या पेशी फोडते, तेव्हा मसाला खारीचा चुराही बाद. सर्वांत वाईट झायलिटॉल. काही शुगर-फ्री मालात आणि परदेशी पीनट बटरमध्ये हा गोड पदार्थ असतो. तो पोटात गेल्यावर तासाभराच्या आतच कुत्र्याच्या रक्तातील साखर एकदम खाली येऊ शकते आणि जीव जाऊ शकतो. नानकटाईतले जायफळही नको. खमिराची कच्ची कणीक तर कुत्र्याच्या जवळपास ठेवू नये, कारण पोटाच्या उबेत ती फुगते आणि तिच्यापासून दारू तयार होते. थोडक्यात, मनुकांच्या बनचा किंवा चॉकलेट केकचा चुरा ज्या ट्रेमध्ये पडला असेल तो ट्रे या कामाला घेऊ नये. वेगळे दोन ट्रे आणि वेगळा साचा ठेवला की झाले.

कृती अगदी साधी आहे. अर्धा किलो गव्हाची कणीक, पाव किलो उकडून कुस्करलेला लाल भोपळा, एक अंडे आणि दोन चमचे तेल एकत्र करून घट्ट मळावे. लागले तर चमचाभर पाणी घालावे. मीठ, साखर, सोडा काहीही नको. पाऊण सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून साच्याने कापावी, काट्याने टोचावी आणि १७५ अंशांवर अर्धा तास भाजावी. खरे काम यानंतरचे. भट्टी उतरू लागली की शंभर अंशांच्या आसपास तीन-चार तास बिस्किटे टोस्टसारखी वाळू द्यावीत. मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला पाहिजे. आत ओल राहिली तर पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी येते.

गहू न मानवणाऱ्या कुत्र्यासाठी ज्वारी किंवा तांदळाचे पीठ चालते, फक्त अंडे एक जास्त लागते. कोंबडीची कलेजी उकडून, वाटून थोडी घातली तर वासावर कुत्री झेप घेतात. पण कलेजीत अ जीवनसत्त्व फार असल्यामुळे हात आखडता ठेवावा. हाडे मात्र घालू नयेत. शिजलेल्या हाडाच्या कपच्या घशात आणि आतड्यात रुततात.

मका आणि शेंगदाणे घेताना भावापेक्षा माल पाहावा. बुरशीच्या विषाने दूषित झालेले श्वानखाद्य खाऊन अमेरिकेत २०२० च्या अखेरीस अनेक कुत्री दगावली आणि कंपनीला माल परत मागवावा लागला. भट्टीच्या उष्णतेने हे विष पुरते जात नाही.

भावाचा हिशेबही नीट करावा. वरच्या मापाने सव्वाआठशे ग्रॅम कणीक तयार होते, पण वाळल्यावर हाती साडेपाचशेच ग्रॅम माल येतो. पावाच्या सवयीने कणकेच्या वजनावर भाव काढणारा नुकसानीत जाईल. इंधनाचे तास वेगळे धरावेत.

पाकिटावर नाव, पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना आणि कमाल किंमत छापणे वजनमापाच्या नियमांनी बंधनकारक आहे. आतले सर्व जिन्नसही लिहावेत, कारण कुत्र्याला काय मानवत नाही हे मालकालाच माहीत असते. भारतीय मानक ब्यूरोचे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी ११९६८ क्रमांकाचे मानक आहे, ते एकदा वाचावे. पावाला जीएसटी माफ असला तरी पाकीटबंद श्वानखाद्याला तो लागतो, हे आधीच हिशेबनीसाकडून समजून घ्यावे.

गिऱ्हाइकाला आणखी एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती विक्री कमी करणारी आहे. असा खाऊ कुत्र्याच्या दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा, असे पशुवैद्य सांगतात. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात आणि दहा ग्रॅमच्या बिस्किटात त्यातल्या चाळीसेक येतात. म्हणजे दिवसाला दीड बिस्कीट झाले. म्हणून आमच्या मते किलोची पिशवी करण्यापेक्षा दीडशे ग्रॅमची पाकिटे करावीत. ती दहा दिवस पुरतील आणि गिऱ्हाईक अकराव्या दिवशी पुन्हा दुकानात येईल. पहिला घाणा जवळच्या पशुवैद्याला दाखवून घ्यावा, आणि सुरुवात दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करावी.