शोधाची लघुलिपी आणि संच

छेद, संयोग आणि पूरक संच आपण फळ्यावर वर्तुळे काढून शिकवतो. ‘याचा उपयोग काय?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर डेबियन या मुक्त संगणकप्रणालीतले एक उदाहरण देता येईल.

डेबियनची सुरुवात इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये केली. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या १२व्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे, म्हणजे सॉफ्टवेअरची गाठोडी, आहेत. ती शोधण्यासाठी, बसवण्यासाठी व काढण्यासाठी ‘ॲप्टिट्यूड’ ही आज्ञावली वापरता येते. तिच्यात शोधाच्या अटी लघुलिपीत लिहितात: आधी ~ हे नागमोडी चिन्ह, मग एक रोमन अक्षर आणि गरजेप्रमाणे त्याला जोडून शोधायचा शब्द. येथे आपण ही अक्षरे देवनागरीत लिहू.

‘~एन’ म्हणजे नावात शोधा, ‘~डी’ म्हणजे वर्णनात शोधा आणि ‘~आय’ म्हणजे संगणकावर बसवलेली पॅकेजे. समजा, रसायनशास्त्राची, पण आपल्याकडे नसलेली पॅकेजे हवी आहेत. मग ‘~डीकेमिस्ट्री !~आय’ एवढे पुरते. अटी शेजारी लिहिल्या की छेद संच मिळतो, उद्गारचिन्हाने पूरक आणि उभ्या रेघेने संयोग. ही चिन्हे आज्ञापटलाने स्वतःसाठीच आहेत असे समजू नये, म्हणून पूर्ण अट अवतरणचिन्हांत ठेवतात.

आता ‘!~आय ~डीकेमिस्ट्री | ~डीफिजिक्स’ असे लिहिले तर? बेरजेआधी गुणाकार, तसा येथे संयोगाआधी छेद. त्यामुळे भौतिकशास्त्राची आधीच बसवलेली पॅकेजेही यादीत येतात. ती नको असतील, तर दोन्ही विषयांना मिळून कंस हवा.

हीच अट पॅकेज काढण्याच्या आज्ञेलाही देता येते, आणि तेथे चूक महागात पडते. ‘विम’ हा मजकूर-संपादक काढण्यासाठी ‘~एनविम’ लिहिले, तर नावात कोठेही ‘विम’ असलेले प्रत्येक पॅकेज त्या संचात येते, ‘निओविम’सुद्धा! नेमके एकच नाव हवे असेल, तर सुरुवातीला ^ आणि शेवटी $ लावून ‘~एन^विम$’ असे लिहावे.

म्हणून तीच अट आधी शोधाच्या आज्ञेला द्यावी, यादी वाचावी आणि मगच पॅकेजे काढावीत. वर्गात मात्र यादीच्याही आधी वर्तुळे काढून घ्यावीत. उत्तर जुळले नाही, तर चूक कोणत्या चिन्हात आहे हे विद्यार्थी स्वतःच शोधतील.