ज्याचं जळतं त्याला कळतं

अजिंठ्याच्या लेण्यांत सोळाव्या क्रमांकाचे लेणे आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने ते सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी कोरवून घेतले. त्याच्या भिंतीवर एक चित्र आहे. एक तरुण स्त्री बसल्या जागी कलंडली आहे. तिची मान खाली गेली आहे. जाणकार सांगतात की ही नंदाची बायको सुंदरी. नंद हा गौतम बुद्धांचा सावत्र भाऊ. तो घरदार सोडून भिक्षू झाला, ही बातमी तिला आताच कळली आहे.

येणारेजाणारे सगळे तिचा चेहरा पाहतात. तुम्ही गेलात तर तिच्या मागची दासीही पाहा. तिने मागून तिला सावरून धरले आहे. दुसरी एक जण वारा घालते आहे. घाव बसतो त्या घटकेला माणसाला एवढेच लागते. पण असे सावरून धरणारी माणसे घडतात कशी? या पाठात आपण तेच पाहू.

आपल्याकडे म्हणतात, ज्याचं जळतं त्याला कळतं. म्हण खरी आहे. बुद्धांच्या काळातली पटाचारेची गोष्ट ऐका. ती श्रावस्ती नगरातल्या सावकाराची मुलगी. घरच्या नोकराबरोबर तिने संसार थाटला. दुसऱ्या बाळंतपणाला ती माहेरी निघाली. वाटेत वादळ आले आणि तिथेच कळा सुरू झाल्या. आडोसा करायला नवरा फांद्या तोडू लागला, तर त्याला साप चावला. सकाळी ती पाहते तो नवरा मरून पडलेला. पुढे नदीला पाणी होते. दोन्ही मुले एकदम नेता येईनात. तान्ह्याला तिने पैलतीरी ठेवले आणि थोरल्याला आणायला परत फिरली. ती नदीच्या मध्यावर असताना ससाण्याने तान्ह्यावर झडप घातली. ती हात हालवून ओरडली. थोरल्याला वाटले, आई आपल्यालाच बोलावते आहे. तो पाण्यात उतरला आणि वाहून गेला. माहेरी पोचते तो कळले की, त्याच रात्री घर कोसळून आईबाप आणि भाऊही गेले.

तिला वेड लागले. अंगावर वस्त्र राहिले नाही. लोक तिला हाकलू लागले. पण बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले. एका माणसाने आपले पांघरूण तिच्या अंगावर टाकले. ती शुद्धीवर आली आणि पुढे भिक्षुणी झाली. मग मुले गेलेल्या बाया तिच्याकडे येऊ लागल्या. एक-दोन नव्हे, पाचशे जणी आल्या असे थेरीगाथा या जुन्या पाली ग्रंथाच्या परंपरेत सांगतात. आकडा सोडून द्या. त्या बाया तिच्याकडेच का गेल्या, हे पाहा. तिला काही समजावून सांगावे लागत नव्हते, म्हणून.

आता म्हणीची दुसरी बाजू पाहू. दुःख सोसले की माणूस आपोआप दयाळू होतो का? नाही. आपल्याच गावात पाहा ना. एका घरची सासू सुनेला म्हणते, "आम्ही सोसलं, आता तुम्ही सोसा." शेजारच्या घरची सासू म्हणते, "मला जे झालं ते हिच्या वाट्याला नको." दोघींनी सारखाच जाच काढलेला असतो. एकीचे मन घट्टे पडून कडक झाले, दुसरीचे मऊ राहिले. आम्हाला वाटते, पुष्कळदा फरक असा पडतो की, घाव ताजा असताना एकीला कोणी तरी जवळ घेतले होते आणि दुसरीला कोणी विचारले नव्हते. पटाचारेच्या अंगावर पांघरूण टाकणारा माणूस म्हणूनच आम्हाला मोठा वाटतो.

मात्र सगळ्यांना असा हात मिळत नाही. सिंधुताई सपकाळ तुम्हाला ठाऊक असतील. त्यांच्यावर २०१० साली सिनेमाही निघाला. त्यांचा जन्म वर्धा जिल्ह्यात १९४८ साली झाला. शाळा चौथीपर्यंत. लहानपणीच लग्न झाले. पोटुशी असताना नवऱ्याने मारून घराबाहेर काढले. गोठ्यात त्या बाळंत झाल्या. माहेरानेही आसरा दिला नाही. रेल्वे स्टेशनवर गाणी म्हणून त्यांनी भीक मागितली आणि स्मशानात रात्री काढल्या. तिथेच त्यांना आपल्यासारखी टाकलेली पोरे दिसू लागली. त्या पोरांना त्यांनी पोटाशी धरले आणि पुढे त्या अनेक अनाथांच्या माई झाल्या. २०२१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात त्या वारल्या.

त्यांची एक गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. पोटची मुलगी त्यांनी आपल्याजवळ ठेवली नाही. ती पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे वाढायला दिली. का? जवळ राहिली तर आपला हात तिच्याकडेच आधी जाईल आणि अनाथ पोरे पुन्हा अनाथ होतील, म्हणून. आपले मन कुठे हळवे आहे, ते त्यांनी आधीच ओळखले होते. त्या मुलीला काय वाटले असेल, असेही मनात येते. पण दुसऱ्याचे करायला निघालेल्या माणसाने आपली दुखरी जागा ओळखावी लागते, हे मात्र खरे.

नाही ओळखली तर काय होते? कुणाच्या घरी माणूस जातो. सांत्वनाला आलेली बाई म्हणते, "माझंही अस्संच झालं गं!" आणि आपलीच कथा सुरू करते. मग तीच रडू लागते आणि घरची बाई तिला पाणी देते. भेटीला आलेलीचा हेतू वाईट नसतो. तिची जखम अजून ओली असते, एवढेच. खपली धरलेली नसताना कोणी दुसऱ्याची मलमपट्टी करायला गेले, तर दोघांचेही रक्त निघते.

याचा उलटा अनुभवही आहे. अमेरिकेत १९३५ साली एका माणसाने मोठ्या कष्टाने दारू सोडली होती. धंद्यात खोट आली आणि त्याला पुन्हा प्यावेसे वाटू लागले. त्याने काय करावे? त्याने दुसरा दारूडा शोधला. तो निघाला डॉक्टर! दोघे तासन्‌तास बोलत बसले. पहिल्याने उपदेश केला नाही, आपली हकिकत सांगितली. त्या बोलण्याने त्याची स्वतःची ओढ शमली आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरचीही दारू सुटली. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही जगभरची चळवळ उभी राहिली. आपल्या राज्यातही तिच्या सभा भरतात.

पुण्याला १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. तिथे बऱ्या झालेल्या कित्येकांनी पुढे नव्या रोग्यांना समजावण्याचे काम घेतले. नवा माणूस डॉक्टरला सांगेल, "मी कधीमधीच घेतो." पण ज्याने स्वतः बायकोचे डोरले विकून दारू प्यायली, त्याला तो कसा फसवणार? पण अशा कामाला आधी स्वतःची दारू पक्की सुटावी लागते. समोरच्याचे ऐकून घेणेही शिकावे लागते.

मराठवाड्यात कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला, अशी घरे कमी नाहीत. अशा घरच्या बाईकडे तेच सोसलेली दुसरी बाई गेली, तर तिचे बोलणे आत पोचते. जायचे असेल तर दहाव्या-तेराव्यानंतर जा. तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि घर खायला उठते. तिला बोलू द्या. तुमची गोष्ट तिने विचारली तरच सांगा, आणि थोडी सांगा. रेशनकार्ड, बँक, पोरांची शाळा यांतले एखादे काम हाती घ्या. तुम्हालाच रात्री झोप येईना, जुने सगळे उसळून आले, तर चार दिवस दुसऱ्या कोणाला पाठवा. त्यात कमीपणा नाही. आणि ती बाई जीव द्यायची भाषा बोलली, तर तिला एकटी सोडू नका. आशाताईंना सांगा, दवाखान्यात न्या. सरकारने २०२२ साली टेलि-मानस ही फोनसेवा सुरू केली आहे. तिचा नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा नंबर पाटीवर नको, चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.