पथ्याचा अतिरेक

पथ्य सांभाळणाऱ्या माणसाचें आपल्या घरांत कौतुक होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु पथ्य हाच रोग होऊन बसावा, अशीहि एक अवस्था आहे. डॉ. स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरांनीं १९९७ सालीं तिला ‘ऑर्थोरेक्झिया नर्व्होसा’ असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत ‘ऑर्थोस्’ म्हणजे योग्य व ‘ऑरेक्सिस्’ म्हणजे भूक. हे डॉक्टर पूर्वीं एका सामुदायिक वसाहतींत आचारी होते. नुकतीच खुडलेली भाजीच खावयाची व प्रत्येक घांस पन्नास वेळां चावावयाचा, असा त्यांचा स्वतःचाच नेम होता. म्हणजे रोगाला नांव देणारा प्रथम त्याच रोगांतून गेलेला!

घरांतील वडील माणसें प्रकृतीची पारख वजनावरून करितात. येथें मात्र तो काटा फसवा ठरतो. ‘ॲनोरेक्झिया’ नामक विकारांत ‘किती खावें’ याची धास्ती असते, तर येथें ‘काय खावें’ याची. त्यामुळें हा ध्यास कृश माणसांत आढळतो, तसाच मध्यम व स्थूल माणसांतहि आढळतो. वजन आणि हा ध्यास यांचा निश्चित मेळ संशोधकांस अद्याप लावतां आलेला नाहीं.

स्वभावाशीं मात्र त्याचें नातें अधिक स्पष्ट दिसतें. सर्व कांहीं निर्दोष असावें हा हट्ट, चिंताळूपणा व एकाच विचाराभोंवतीं घुटमळणारें मन, हीं त्याचीं लक्षणें होत. एक अक्षर चुकलें कीं पान फाडून सगळें पुन्हा लिहिणारे विद्यार्थी आम्हीं शाळेंत पुष्कळ पाहिले. वहींत हा गुणच. पण तोच ताटांत उतरला म्हणजे आज साखर सुटते, उद्यां मैदा, परवां दूध, आणि शेवटीं सणाची पुरणपोळीहि अपराधासारखी वाटूं लागते. चुकून घांसभर खाल्लेंच, तर दुसऱ्या दिवशीं दुप्पट कडक नेम!

चरकसंहितेंत आहारविधीचीं आठ अंगें सांगितलीं आहेत, व त्यांत अखेरचें अंग ‘उपयोक्ता’ म्हणजे खाणारा मनुष्य हें आहे. फार भरभर नव्हे, फार सावकाशहि नव्हे, आणि मन लावून जेवावें, असेंहि तेथें सांगितलें आहे. घांसागणिक पन्नासपर्यंत मोजणाराचें मन अन्नांत कोठून असणार? तें आंकड्यांत!

तथापि सकस खाणाऱ्या प्रत्येक मुलास कोणी रोगी समजूं नये. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या रोगसूचींत याला स्वतंत्र स्थान दिलेलें नाहीं. आणि निरोगी आवड व पछाडलेपण यांस निरनिराळें मोजणारी प्रश्नावली २०१८ सालीं स्पेनमधील मानसशास्त्रज्ञांनीं तयार केली. घरच्यांनीं पहावयाचें तें असें: मुलगा किंवा सून पंगतींत बसण्याचें टाळते काय? दिवसाचे तासन्तास जेवणाच्याच विचारांत जातात काय? अशक्तपणा वाढला, मुलीची पाळी चुकूं लागली काय? असें असेल तर सासूबाईंनीं आग्रहाचें वाढप थांबवावें, टोमणे तर मुळींच नकोत, आणि शरीराचे व मनाचे अशा दोन्ही डॉक्टरांस वेळींच दाखवावें.