धुरावरचे मांस आणि तापमापकाची पारख

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांच्या अंगणात मांस धुरावर शिजविण्याची पेटी आता नवलाची राहिलेली नाही. सुमारे ११० अंश सेल्सिअसच्या मंद आचेवर लाकडाचा धूर तासन्‌तास द्यावयाचा, ही टेक्सासकडील रीत. या पाकक्रियेत डोळा मात्र हमखास फसतो. धुरातील वायूंमुळे पुरते शिजलेले मांसही कडेने गुलाबी दिसते; उलट कोंबडी वरून खरपूस आणि हाडापाशी कच्ची राहू शकते. तिच्या अंतर्भागात ७४ अंश, म्हणजे तिकडच्या मापाने १६५ फॅरनहाइट, भरले पाहिजेत. एरवी साल्मोनेलासारखे जंतू जिवंत राहून पाहुणे आजारी पडावयाचे. पेटीच्या झाकणावरील तबकडी हवेचे तापमान सांगते, मांसाचे नव्हे. त्यासाठी सळईचा तापमापक हवा.

उष्णता सळईच्या अगदी टोकाशी मोजली जाते ना, हे घेतानाच विचारावे. तबकडीच्या साध्या नमुन्यांत ती दोन-अडीच इंच लांबीवर मोजली जाते. तंगडीसारख्या लहान तुकड्यास तो निरुपयोगी. दशांशचिन्हापुढील आकड्याने भुलणारे ग्राहक आम्ही पुष्कळ पाहिले. आकडा बारीक असला म्हणजे खरा असतोच असे नाही! दोन परीक्षा घेतल्यावाचून आम्ही तरी विसंबणार नाही. कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून ढवळावे व सळई बुडवावी. शून्य आले पाहिजे. दुसरी परीक्षा उकळत्या पाण्याची. तीत मात्र गावाची उंची ध्यानी घ्यावी. वडोदऱ्यास १००च्या आसपास आकडा येईल, तर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असलेल्या बेळगावात ९७.५च्या जवळपास, तो दोष तापमापकाचा नव्हे. मांसात खुपसताना टोक हाडास टेकू देऊ नये. तापमापक हातून आपटला, की बर्फाची परीक्षा पुन्हा घ्यावी.